निगेटिव्ह स्कॅन झाल्या, आता फिल्म ठेवायची का?

काजवा: ३५ मिमीचे ४० रोल, निम्मे कृष्णधवल, निम्मे रंगीत. ४००० डीपीआयवर (इंचाला ४००० ठिपके) स्कॅन केले, १६ बिट टिफ फाइली. फ्रेममागे साधारण १२८ एमबी, सगळे मिळून १८५ जीबीच्या आसपास. हे सगळं एका एसएसडीवर कपाटात आहे. फिल्म काढून टाकली तर चालेल का? दोन-तीन रोलना आंबट वासही येतोय.

बिटबिट: फिल्म टाकू नका, पण आधी एसएसडीचं बघा. वीज न मिळता पडून राहिली की तिच्यातला चार्ज (माहिती धरून ठेवणारा विद्युतभार) हळूहळू गळतो, वर्षानुवर्षं ठेवायला ती कामाची नाही. दोन हार्ड डिस्कवर प्रती घ्या, तिसरी दुसऱ्या जागी किंवा क्लाउडवर. त्याआधी प्रत्येक फाइलचं एसएचए-२५६ चेकसम (फाइल जराही बदलली तर बदलणारा आकडा) काढून ठेवा आणि दर सहा महिन्यांनी ताडून बघा. नुसत्या सिंकच्या भरवशावर राहू नका, इकडे फाइल उडाली की तिकडचीही उडते.

हायपो: वास व्हिनेगरसारखा असेल तर ॲसिटेट बेस, म्हणजे फिल्मची प्लॅस्टिकची पट्टी, कुजतोय. सुटणारं ॲसिटिक ॲसिडच पुढची कूज वाढवतं आणि शेजारच्या रोलनाही बाधतं, तेव्हा ते आजच वेगळे करा. पुढे बेस आकसतो, इमल्शनला (वरच्या चित्राच्या थराला) सुरकुत्या पडतात आणि पट्टी होल्डरमध्ये सपाट बसत नाही. पाकिटं पीव्हीसीची असतील तर बदला, त्यातला प्लॅस्टिसायझर (प्लॅस्टिक मऊ ठेवणारं रसायन) फिल्मवर उतरतो. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टर घ्या, आर्द्रता ३० ते ५० टक्के ठेवा.

रंगीत निगेटिव्हचे रंग अंधारातही उडतात, म्हणून त्या फ्रिजमध्ये, दुहेरी झिप पिशवीत. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडायची नाही, नाहीतर दव थेट फिल्मवर बसतं.

काजवा: पाकिटं बदलतो. एक राहिलं: स्कॅन करताना इन्फ्रारेड धूळसफाई (इन्फ्रारेड प्रकाश अडला की तिथे धूळ आहे असं धरून ती चित्रातून पुसणारी सोय) सगळ्याच रोलना चालू होती.

हायपो: मग कृष्णधवल रोल पुन्हा स्कॅन करावे लागतील. त्यांचं चित्र चांदीचं असतं आणि चांदी इन्फ्रारेड अडवते, त्यामुळे सॉफ्टवेअर चित्रालाच धूळ समजून बुजवत जातं. एखादा चेहरा १०० टक्क्यांवर उघडा: केसांच्या कडा तुटक, मधेच लिंपल्यासारख्या दिसतील. सी-४१ मध्ये (रंगीत निगेटिव्ह धुण्याच्या प्रक्रियेत) धुतलेली कृष्णधवल फिल्म असेल तर ती सोडा, तिच्यात चांदी उरलेलीच नसते.