माउंट रॉयलवर चढताना चोरवाटेने जावं का?

नागमोडी
कॅनडातल्या मॉन्ट्रियालची माउंट रॉयल टेकडी जेमतेम २३३ मीटर उंच. कार्तिएच्या पुतळ्यापाशी (हा १९ व्या शतकातला राजकारणी, टेकडीला नाव देणारा दर्यावर्दी कार्तिए वेगळा) खडीची रुंद वाट सुरू होते आणि झाडीतून वळसे घेत वर जाते. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कवाल्या ओल्मस्टेडची ही आखणी. उद्यान १८७६ मध्ये खुलं झालं. चढ इतका हलका की बोलत बोलत जाता येतं, आणि वरचा देखावा लगेच हाती लागत नाही. तीच तर गंमत.

परवा गेलो तर वळणावळणावर चोरवाटा. वळसा वाचवायला लोक सरळ उभे चढतात. एका ओकची मुळं उघडी पडून बुटांनी घासली गेली आहेत, अगदी देवळाच्या उंबरठ्यासारखी गुळगुळीत, आणि खाली मनगटापर्यंत हात जाईल एवढी पोकळी. माझं म्हणणं सरळ आहे: फांद्या टाकून या वाटा बंद करा. घाई असेल त्याला लाकडी जिना आहेच.

तडक
अहो, ती वाट घोडागाड्यांसाठी होती! बग्गीतून हवा खायला येणाऱ्यांचा चढ माझ्या गळ्यात का मारता? आठवड्यातून चारदा काम संपवून येतो, हातात तासभर असतो, घाम निघायला हवा.

आणि इतिहासच काढायचा तर १५३५ मध्ये इथल्या होशेलागा या मूळ रहिवाशांच्या गावातल्या लोकांनी जाक कार्तिएला टेकडीवर नेलं, तेव्हा ओल्मस्टेड कुठे होता? १६४३ च्या जानेवारीत मॉन्ट्रियाल वसवणारा मेझोन्नेव्ह लाकडी क्रूस घेऊन वर गेला, तोही नागमोडी वळणं घेत गेला असेल असं वाटत नाही.

नागमोडी
घोडागाड्यांचं अर्धंच खरं. आजारी, म्हातारी माणसंही धाप न लागता वर पोचावीत, हा ओल्मस्टेडचा आग्रह होता. माझ्यापुढे एक बाई बाबागाडी ढकलत चालल्या होत्या, मध्ये कुठे थांबल्याही नाहीत. मेझोन्नेव्ह क्रूस घेऊन एकदा गेला हो. तुम्ही आठवड्यातून चारदा जाता, आणि तुमच्यासारखे किती!

पानगळ
दोघांनीही १९५० च्या दशकाचं नाव काढलं नाही, म्हणून लिहितो. झाडीच्या आडोशाने गैरप्रकार चालतात अशी ओरड झाली आणि महापौर ड्रापो यांच्या काळात खालचा झाडोरा आणि हजारो झाडं साफ केली गेली. लोक टेकडीला टक्कल पडलं म्हणू लागले. धरून ठेवायला मुळं नाहीत म्हटल्यावर माती धुपली, आणि १९६० च्या दशकात पुन्हा लावणी करावी लागली. म्हणजे आज ज्याला आपण रान म्हणतो त्यातलं बरंचसं हाताने लावलेलं आहे.

चोरवाटेचं नुकसान मुळांवर दिसतं, पण होतं मातीत. तुडवून घट्ट झालेल्या मातीत पाणी मुरत नाही, ते वाटेवरूनच धावतं. वाटेची घळ होते. मग चिखल चुकवायला लोक कडेने चालतात आणि वाट हातभर रुंद होते, पुढच्या वर्षी आणखी हातभर. बर्फ वितळतं तेव्हा सगळ्यात वाईट, कारण माती तेव्हा लोण्यासारखी असते आणि रानफुलं नेमकी त्याच सुमाराला वर येतात. ट्रिलियमला बी पडल्यापासून फूल यायला सात-आठ वर्षं लागतात. मोडायला एक टाच पुरते.

फांद्यांवर मात्र माझा भरवसा नाही. लोक त्यांच्या शेजारून नवी वाट पाडतात.

तडक
चिखलाचं मान्य. एप्रिलमध्ये मी स्वतः तिथे बसून खाली आलोय, पँट गेली.

पण ओल्मस्टेडचं नाव घेऊन धाक घालू नका. त्याची झाडांची योजना मंदीच्या काळात बरीचशी गुंडाळली गेली. वाटसुद्धा सगळी त्याच्या मनासारखी झाली नाही. मग तेवढीच सोवळ्यात का?

खडूस
शहर दिसतं ती वरची गच्ची कोंदियारोंकच्या नावाची आहे. वेंडाट या मूळ रहिवासी लोकांचा हा नेता फ्रेंच आणि मूळ रहिवासी यांच्यातल्या १७०१ च्या मोठ्या तहासाठी झटला आणि वाटाघाटी चालू असतानाच मॉन्ट्रियालमध्ये वारला. तिथे अर्धा तास उभा होतो. वळशाने आलेले काय नि उभे चढलेले काय, सगळ्यांची पाठ टेकडीकडे आणि फोन शहराकडे. इतिहास राहू द्या, मुळांचं बोला.

पानगळ
मुळांचंच बोलायचं तर निदान ओल्या दिवसांत वळसा घ्या. एवढं तरी जमेल ना, तडक?

नागमोडी
हे मला पटत नाही. कोरड्या दिवसांत काय मुळं आत जातात?

तडक
ओल्या दिवसांचं कबूल, बाकीचं नाही. आणि नागमोडीसाहेब, उद्या तुमच्या वाटेने चढून बघतो, घड्याळ लावून. तो ओक कुठे म्हणालात?

नागमोडी
जिन्याच्या अलीकडच्या वळणावर, डाव्या हाताला. पोकळीत हात घालून बघा.