घरच्या वर्कशॉपसाठी इंडक्शन दिवा: मी अजूनही त्याच्याच बाजूने आहे

रंधा

गॅरेजमध्ये किंवा घरच्या वर्कशॉपमध्ये कुठला दिवा लावावा असं कुणी विचारलं की हल्ली सगळे एका सुरात 'एलईडी' म्हणतात आणि विषय मिटतो. मला तो इतक्यात मिटवायचा नाही. माझ्या लाकूडकामाच्या जागेत गेली नऊ वर्षं इंडक्शन दिवे आहेत. उद्या नवी जागा उभी करायची झाली तरी मी तेच लावेन. कारणं मांडतो, पटली नाहीत तर खोडून काढा.

इंडक्शन म्हटलं की बहुतेकांना शेगडी आठवते, आणि मूळ तत्त्व खरोखर तेच आहे. साध्या ट्यूबच्या दोन्ही टोकांना तापणारी तार असते. दर वेळी ट्यूब पेटताना त्या तारेवरचा लेप थोडा उडतो, टोकं काळी पडत जातात आणि शेवटी ट्यूब नुसती मिचमिचत राहते. इंडक्शन दिव्यात ही तारच नाही. काचेच्या बंद नळीला बाहेरून फेराइटचे (चुंबकी पदार्थाचे) गाभे बसवलेले असतात, त्यांवर तांब्याची गुंडाळी असते. गुंडाळीतून उच्च वारंवारतेचा प्रवाह सोडला की नळीतला वायू स्वतःच ट्रान्सफॉर्मरचा दुसरा वेढा बनतो आणि उजळतो. काचेतून आत काहीही न्यावं लागत नाही. टेस्लाने १८९१ साली न्यूयॉर्कच्या व्याख्यानात असे तारेविना उजळणारे दिवे दाखवले होते, पण ते बाजारात रुळायला १९९० चं दशक उजाडलं. झिजायला तार नाही म्हणून आयुष्य ६०,००० ते १,००,००० तासांचं सांगतात.

माझ्यासाठी त्याहून महत्त्वाच्या गोष्टी दोन. एक, उजेड लुकलुकत नाही. दुसरी, उजेड मोठ्या पृष्ठभागावरून येतो, त्यामुळे डोळ्यांवर येत नाही आणि हाताची काळीकुट्ट सावली कामावर पडत नाही. करवतीपाशी उभं राहणाऱ्या माणसाला या दोन गोष्टींची किंमत कळते.

ओममीटर

रंधा, तत्त्व छान समजावलंत, पण निष्कर्षाशी मी अजिबात सहमत नाही. आकडे मांडतो.

खोली ६ मीटर बाय ४ मीटर धरा, म्हणजे २४ चौरस मीटर. बाकाच्या उंचीवर ३०० लक्स (म्हणजे दर चौरस मीटरवर ३०० ल्युमेन उजेड) हवे असतील तर ७,२०० ल्युमेन कामाच्या पातळीपर्यंत पोहोचले पाहिजेत. भिंती, धूळ, फिटिंग यांत निम्मा उजेड जातो असं मानलं तर दिव्यांतून १४,४०० ल्युमेन निघायला हवेत. इंडक्शनचा दिवा त्याच्या जनरेटरसकट (गुंडाळीला उच्च वारंवारतेचा प्रवाह देणाऱ्या डबीसकट) वॅटला ७५ ल्युमेनच्या आसपास देतो, म्हणजे १९२ वॅट. साधा बरा एलईडी वॅटला १२० देतो, म्हणजे १२० वॅट. फरक ७२ वॅटचा. रोज दोन तास काम केलं तर वर्षाला ७३० तास, म्हणजे साधारण ५२ युनिट जास्त जळतात. 'ऊर्जा वाचवणारा दिवा' हे विशेषण मेटल हॅलाइडशी (मोठ्या जागांत लावायच्या जुन्या प्रखर दिव्यांशी) तुलना करत होतो तेव्हा शोभत होतं. आज ते चिकटून राहिलंय एवढंच.

आणि आयुष्याचं म्हणाल तर १,००,००० तासांना ७३० ने भागा. १३७ वर्षं येतात. घरच्या वर्कशॉपमध्ये हा गुण कुणाच्या उपयोगाचा? बोगद्यात, पुलाच्या खांबावर, जिथे एक दिवा बदलायला वाहतूक थांबवावी लागते तिथे तो गुण सोन्यासारखा आहे. तुमच्या छताला तुमची शिडी पोहोचते.

जुना चोक

ओममीटरशी सहमत, आणि त्यात एक भर. हे १,००,००० तास काचेचे असतात, जनरेटरचे नाहीत. मी आयुष्यभर दिव्यांची दुरुस्ती केली. इंडक्शनची नळी ठणठणीत आणि डबी मेलेली, असेच दिवे माझ्याकडे जास्त यायचे. आतला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेने सुकतो. डबी छताच्या पत्र्याला चिकटवून बसवली असेल तर आणखी लवकर. शिवाय एका बनावटीचा जनरेटर दुसऱ्या बनावटीच्या नळीला चालत नाही. उत्पादन बंद झालं की चांगली नळी भंगारात.

एलईडीच्या ड्रायव्हरचंही (त्याला प्रवाह पुरवणाऱ्या सर्किटचंही) तेच दुखणं आहे, हे प्रामाणिकपणे सांगतो. मात्र तो ड्रायव्हर बदलायला आज कुठेही मिळतो.

एक गोष्ट कुणीच बोलत नाही म्हणून बोलतो. ३६ वॅटची चांगली ट्रायफॉस्फर (आतून तीन रंगांच्या चमकणाऱ्या लेपाची) ट्यूब ३,३५० ल्युमेन द्यायची, म्हणजे नळीपुरतं बोलायचं तर वॅटला ९० च्या वर. चोकचा खर्च धरला तरी ती इंडक्शनच्या मागे नव्हती. इंडक्शनचा दावा कार्यक्षमतेचा कधीच नव्हता, दावा होता न बदलण्याचा.

लेथवरची

आकडेमोड बरोबर असेल, पण रंधांनी लुकलुकण्याचा मुद्दा मांडला त्याला तुम्ही दोघांनी हातही लावला नाही. मी धातूकाम करते, म्हणून मला तोच मुद्दा पहिला वाटतो.

५० हर्ट्झच्या विजेवर जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होते. आता लेथवर फोर-जॉ चक (काम पकडणारं चार जबड्यांचं तोंड) मिनिटाला १,५०० फेऱ्यांनी फिरतोय असं धरा. म्हणजे सेकंदाला २५ फेऱ्या, आणि डोळ्यांसमोरून सेकंदाला १०० जॉ जातात. दर वेळी उजेड प्रखर होतो तेव्हा पुढचा जॉ बरोबर आधीच्याच्या जागी असतो. चक थांबल्यासारखा दिसतो. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. मोटरचा आवाज दुसऱ्या मशीनच्या आवाजात बुडाला होता आणि माझा हात चकच्या किल्लीकडे निघाला होता. मध्येच गाठीवर टूल खडखडलं म्हणून मी भानावर आले. त्या दिवसापासून दिवा निवडताना मी ल्युमेन नंतर बघते.

बरेच इंडक्शन दिवे २५० किलोहर्ट्झच्या आसपास चालतात, काही तर २.६५ मेगाहर्ट्झवर. त्या वेगाने फॉस्फरला (नळीच्या आतल्या चमकणाऱ्या लेपाला) विझायला वेळच मिळत नाही. स्वस्त एलईडी बॅटनमध्ये मात्र ड्रायव्हरच्या नावाखाली एक ब्रिज (एसीचा डीसी करणारा भाग) आणि एक इवलासा कपॅसिटर असतो. तो ट्यूबइतकाच, कधी कधी ट्यूबपेक्षा जास्त लुकलुकतो, कारण एलईडीच्या उजेडाला रेंगाळण्याची सवयच नाही.

ओममीटर

मान्य. पण हा दोष एलईडीचा नाही, वाईट ड्रायव्हरचा आहे. प्रवाह गुळगुळीत करणारा ड्रायव्हर असेल तर लुकलुक उरत नाही. आयईईई या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेच्या २०१५ च्या शिफारशीप्रमाणे १०० हर्ट्झला उजेडातला चढउतार ८ टक्क्यांच्या आत असेल तर धोका कमी मानतात. हा आकडा गाठणारे एलईडी भरपूर आहेत. वाईट नमुन्यावरून आख्खी जात बाद करू नये.

लेथवरची

जात बाद केली नाही. पण खोक्यावर ल्युमेन छापलेले असतात, लुकलुक छापलेली क्वचितच असते. माणूस ओळखणार कशी?

जुना चोक

त्याला उपकरण लागत नाही. अंधाऱ्या खोलीत फक्त तो एक दिवा लावा आणि एक चकचकीत सळई त्याच्या उजेडात भरभर हलवा. सळईचा सलग पुसट पट्टा दिसला तर दिवा चांगला. पंख्याच्या पात्यांसारख्या वेगवेगळ्या सळया दिसल्या तर तो दिवा फिरत्या मशीनवर लावू नका. मोबाइलच्या कॅमेऱ्यात आडवे काळे पट्टे सरकताना दिसणं ही दुसरी खूण.

लेथवरची, तुमचं म्हणणं जुन्या कारखान्यांना ठाऊक होतं. ते शेजारशेजारचे दिवे तीन वेगवेगळ्या फेजवर टाकायचे, म्हणजे एक मंद असताना दुसरा प्रखर असतो. घरात एकच फेज असेल तर दोन नळ्यांची फिटिंग घेऊन एकीला कपॅसिटर जोडायचे, त्याला आम्ही लीड-लॅग म्हणायचो. चोकच्या काळात लोक याचा विचार करायचे. आता खोक्यातला दिवा बसवला की झालं.

शॉर्टवेव्ह

इंडक्शनची बाजू घेणाऱ्यांनी एक ऐकून घ्यावं. २५० किलोहर्ट्झची दुप्पट ५००, तिप्पट ७५०, चौपट १,०००. म्हणजे त्याच्या पटीतल्या लहरी थेट मीडियम वेव्हच्या पट्ट्यात येऊन बसतात. जनरेटरची लहरी अडवणारी जाळी किंवा अर्थिंग ढिलं असेल तर रेडिओवर नुसती घरघर ऐकू येते. मला काम करताना रेडिओ लागतो, आणि हौशी रेडिओचा सेटही त्याच खोलीत आहे. शेजारच्या गॅरेजमधला इंडक्शन दिवा कधी लागला हे मला न बघता कळायचं. (काही एलईडी ड्रायव्हरही घाण सोडतात, तेही मी ओळखतो.)

उंबरठा

पाऱ्याबद्दल कुणीच का बोललं नाही? इंडक्शन दिवा म्हणजे शेवटी फ्लुओरेसंटच. आत पारा आहे. माझी मुलं त्याच गॅरेजमध्ये सायकलची चेन घालत बसतात. लाकडाचा तुकडा करवतीवरून उडून वर काचेवर बसला तर?

रंधा

उंबरठा, प्रश्न अगदी रास्त आहे. इंडक्शन नळीत पारा बहुधा अमलगम म्हणून असतो, म्हणजे दुसऱ्या धातूंत मिसळलेली घट्ट गोळी. नळी थंड असताना फुटली तर सुट्या पाऱ्याइतकी वाफ निघत नाही. तरी फुटलीच, तर सगळ्यांना बाहेर काढा, खिडक्या-दारं उघडून दहा-पंधरा मिनिटं थांबा. झाडू किंवा व्हॅक्युम क्लीनर लावू नका, त्याने पारा पसरतो. जाड कागदाने तुकडे गोळा करा, चूर चिकटपट्टीने उचला आणि झाकणाच्या डब्यात बंद करा. माझ्या दिव्यांखाली पॉलिकार्बोनेटचं झाकण आहे. झाकणाशिवाय करवतीवर कुठलीच काच नसावी.

ओममीटर

आणि दिशाही बघा. पाऱ्याचा वापर रोखणाऱ्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय कराराच्या देशांनी २०२३ मध्ये जिनिव्हात फ्लुओरेसंट नळ्यांचं उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ पर्यंत टप्प्याटप्प्याने थांबवायचं ठरवलं. पारा वापरणाऱ्या दिव्यांचा काळ सरत चाललाय. आज नवीन बसवणारा माणूस सुट्या भागांशिवाय राहणार आहे. जुना चोक यांनी वर तेच सांगितलं.

रंधा

हा मुद्दा मला लागला, नाकारत नाही. माझ्या दोन दिव्यांपैकी एकाचा जनरेटर बंद पडला तर मला तो मिळेलच असं नाही. तरी मऊ उजेडावर माझा मुद्दा कायम आहे. एलईडीच्या ठिपक्यांची रांग असलेली पट्टी छताला लावली की आखलेल्या रेघेशेजारी पाच-सहा सावल्या पडतात. करवत कुठल्या रेघेवर ठेवायची ते कळत नाही.

लेथवरची

लुकलुकण्यावर मी तुमच्या बाजूने होते, पण इथे मी उलट बाजूला जाते. मऊ, चहूकडून येणारा उजेड वावरायला छान, काम तपासायला वाईट. पोलादावर स्क्राइबरने मारलेली रेघ म्हणजे एक बारीक चर. उजेड एका बाजूने, तिरपा, जवळून आला तरच त्या चरात सावली पडते आणि रेघ दिसते. चहूकडून उजेड आला की चर भरून निघतो. तुमच्या लाकडावरही तेच होत असणार. रंध्याने उपटलेले तंतू, सँडपेपरचे आडवे ओरखडे, हे सगळं पॉलिश लावल्यावर दिसतं आणि आपण हळहळतो. एक छोटा दिवा बाकाच्या पातळीला, फळीला जवळजवळ समांतर धरून बघा.

वीज वाचवायची असेल तर तोही मार्ग हाच आहे. छोट्या दिव्याचा उजेड अंतराच्या वर्गाने कमी होतो. २.४ मीटरवरून ६० सेंटिमीटरवर आणला की सोळापट. आख्ख्या खोलीला १,००० लक्स द्यायची गरज नाही. चालण्यापुरता उजेड छतावरून आणि कामापुरता वाकवता येणाऱ्या दांडीच्या दिव्यातून, एवढं पुरतं. ओममीटर, तुमचे १९२ आणि १२० वॅट दोन्ही त्यामुळे खाली येतील.

ओममीटर

हे पटलं. छताला १५० लक्स धरले तर माझ्या हिशोबातला फरक ३६ वॅटवर येतो.

जुना चोक

एक सूचना. दांडीचा दिवा घेताना मंद करायच्या बटणाचा घेऊ नका, किंवा घेतलात तर पूर्ण उजेडावरच वापरा. बरेच दिवे मंद करताना खटाखट चालू-बंद करून मंद करतात, आणि पूर्ण उजेडावर न दिसणारी लुकलुक तिथे उगवते. सळईची चाचणी मंद उजेडावरही करा.

रंधा

काल रात्री सळई हलवून पाहिली. इंडक्शनखाली सलग पट्टा दिसला. ड्रिल प्रेसवर मी दोन वर्षांपूर्वी एक एलईडी बॅटन लावली होती, तिच्याखाली सरळ आठ-दहा सळया. दोन वर्षं त्या उजेडात मी ड्रिलचं बिट फिरताना पाहत होतो आणि मला काही वाटलं नव्हतं. ती आजच उतरवली. सहा वॅटचा दांडीचा दिवा आणून त्याची चाचणी घेतली, पूर्ण उजेडावर तो स्वच्छ आहे. तो फळीला आडवा धरला तेव्हा गेल्या आठवड्यात 'झाली' म्हणून बाजूला ठेवलेल्या टेबलाच्या पाटावर तीन जागी उपटलेले तंतू दिसले. पाट पुन्हा शिकंज्यात घेतलाय.

छतावरचे दोन इंडक्शन दिवे काढणार नाही. जनरेटर जाईपर्यंत ते तिथेच राहतील. गेल्यावर काय लावायचं, त्यावर ओममीटर आणि माझं अजून जुळलेलं नाही.

ओममीटर

नाहीच जुळलं. दिवे बदलाल तेव्हा आधी जुन्या दिव्यांचे वॅट मीटर लावून मोजा, डबीवर छापलेल्या आकड्यावर जाऊ नका. मग बोलू.