अनुभव धागा : सोलापूरच्या उन्हात आणि धुळीत आपण आपली गाडी कशी तपासतो?

गाडीबरोबर मिळणारी मालकपुस्तिका उघडून देखभालीचे वेळापत्रक पाहिले, तर बहुतेकदा तेथे दोन तक्ते आढळतात. पहिला तक्ता सर्वसाधारण वापरासाठी असतो. दुसरा तक्ता कठीण परिस्थितीतील वापरासाठी असतो, आणि कठीण परिस्थिती म्हणजे काय हेही तेथेच सांगितलेले असते : सतत धूळ, तीव्र उष्णता, इंजिन पुरते तापण्याआधीच संपणारे छोटे प्रवास, नेहमीचे जास्त ओझे. या वर्णनात सोलापूर जवळजवळ पूर्णपणे बसते. एप्रिल आणि मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर राहतो, शहराची हद्द संपताच काळ्या रानातील बारीक धूळ सुरू होते, कूपनलिकेचे पाणी क्षारांनी जड असते आणि गळीत हंगामात मोहोळ, पंढरपूर, मंगळवेढा अशा सर्व बाजूंचे रस्ते उसाच्या ट्रॉल्यांनी भरून जातात. असे असूनही सर्व्हिसिंगनंतर काचेवर जी पुढच्या तारखेची चिठ्ठी लावली जाते, ती सामान्यतः पहिल्या तक्त्याप्रमाणे असते. दोन सर्व्हिसिंगमधील हे अंतर मालकाच्या स्वतःच्या नजरेनेच भरून निघू शकते, असे माझे ठाम मत आहे आणि म्हणूनच हा धागा सुरू करीत आहे.

आपण स्वतः काय तपासता, केव्हा तपासता आणि त्यातून काय लक्षात आले, ते लिहावे. वाहनाचा प्रकार अवश्य सांगावा, कारण दुचाकीचा नियम ट्रॅक्टरला लागू पडत नाही. आकडे देताना ते आपल्या वाहनाच्या पुस्तिकेतील आहेत, हे लक्षात ठेवावे. सुरुवात मीच करतो.

पेट्रोल मोटार, जुळे सोलापूर (धागाकर्ता)

माझी तपासणी रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना होते. प्रथम गाडी जागची पुढे घेऊन खालची फरशी पाहतो. पाण्यासारखा स्वच्छ थेंब असेल तर तो आदल्या दिवशीच्या एसीचा असतो आणि त्याची चिंता नसते. तपकिरी किंवा काळा चिकट डाग ऑइलचा असतो, हिरवा किंवा गुलाबी ओघळ कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा असतो, आणि चाकाच्या आतल्या बाजूला तेलकट ओल दिसली तर ब्रेक ऑइलची शंका घेऊन गाडी हलवण्यापूर्वीच मेकॅनिकला बोलवावे, असे मी मानतो.

त्यानंतर डिपस्टिक, म्हणजे इंजिन ऑइलची पातळी मोजण्याची पट्टी, काढून पुसतो, पुन्हा पूर्ण आत घालतो आणि मगच पातळी वाचतो. पहिल्या वेळी काढलेली डिपस्टिक विश्वासार्ह नसते, कारण नळीच्या कडेला लागलेले ऑइल तिच्यावर पसरलेले असते. पातळी दोन खुणांच्या मध्ये असावी. वरच्या खुणेच्या पलीकडे ऑइल भरणे हेही नुकसानकारक आहे, कारण फिरणारा क्रँकशाफ्ट ते घुसळतो, त्यात फेस होतो आणि फेसाळ ऑइल नीट वंगण देत नाही.

आपल्याकडे मी सर्वांत जास्त लक्ष एअर फिल्टरकडे देतो. त्याचा डबा बहुतेक मोटारींत साध्या क्लिपांनी उघडतो. उन्हाळ्यात होटगी किंवा अक्कलकोटच्या बाजूला कच्च्या रस्त्याने जाणे होत असेल, तर पुस्तिकेत दिलेल्या अंतराच्या निम्म्यावरच फिल्टर काढून पाहावा. घड्यांच्या तळापर्यंत माती बसली असेल तर तो बदलावा. हवेच्या जोरदार झोताने कागदी फिल्टर झाडण्याची पद्धत मला पटत नाही, कारण त्या दाबाने कागदाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रे पडू शकतात आणि मग गाळण्यासाठी लावलेली वस्तूच धूळ आत सोडू लागते.

मोटार, विजापूर रस्ता. रसायनशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका

धागाकर्त्यांनी कूपनलिकेच्या पाण्याचा उल्लेख केला आहे, त्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण रेडिएटरमध्ये साधे पाणी ओतण्याची सवय आपल्या शहरात अजूनही पुष्कळ ठिकाणी दिसते.

जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट विरघळलेले असतात. पाणी तापले की कॅल्शियम बायकार्बोनेटचे विघटन होऊन न विरघळणारे कार्बोनेट तयार होते आणि ते तापलेल्या पृष्ठभागावर बसते. आपल्या घरातील गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो, तोच थर इंजिनभोवतीच्या पाण्याच्या वाटांत आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत चढतो. हा थर उष्णता सहज वाहून नेत नाही. त्यामुळे कूलंटच्या टाकीत पातळी बरोबर दिसत असतानाही चढावर, एसी चालू असताना, तापमानाचा काटा वर सरकू लागतो.

कूलंटमधील इथिलीन ग्लायकॉलमुळे द्रवाचा उत्कलनबिंदू वाढतो, हे अनेकांना ठाऊक असते. त्यातील गंजरोधक द्रव्यांचे महत्त्व मात्र कमी लोकांना माहीत असते. ही द्रव्ये वापराने संपत जातात, म्हणून कूलंट स्वच्छ दिसत असले तरी पुस्तिकेतील मुदतीनंतर ते बदलावेच लागते. मी तयार मिश्रण केलेले कूलंट वापरते. संहत कूलंट घेतल्यास त्यात डिस्टिल्ड किंवा डिमिनरलाइज्ड पाणीच मिसळावे, आणि निरनिराळ्या प्रकारची कूलंट केवळ रंग जुळतो म्हणून एकत्र करू नयेत. रंग हा उत्पादकाने घातलेला असतो, त्यावरून रसायन ओळखता येत नाही.

पातळी पाहण्यासाठी बाजूची अर्धपारदर्शक टाकी पुरेशी आहे. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आतील द्रव दाबाखाली असल्यामुळे शंभर अंशांच्या वर तापूनही उकळलेला नसतो, आणि झाकण सैल होताच दाब उतरून तो एकदम उकळतो व अंगावर उसळतो. घरातील मुलांना गाडी शिकवताना ही गोष्ट मी स्टिअरिंगच्याही आधी सांगितली.

मालवाहू टेम्पो, मार्केट यार्ड परिसर

आमचा व्यवसाय कांद्याच्या वाहतुकीचा आहे. सोलापूर बाजार समितीतून हैदराबादच्या बाजूला भरलेली गाडी जाते, त्यामुळे टायर हाच आमचा मुख्य खर्च आणि मुख्य काळजी आहे.

उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा थोडी कमी ठेवावी, असे सांगणारे अनेक जण भेटतात. हे उलटे आहे. हवा कमी असली की टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते, त्या वाकण्यातून रबराच्या आत उष्णता तयार होते आणि खालचा तापलेला रस्ता तिच्यात भर घालतो. महामार्गाच्या कडेला टायरचे जे फाटलेले पट्टे पडलेले दिसतात, त्यांतील पुष्कळांच्या मागे कमी हवा आणि जास्त ओझे हीच दोन कारणे असतात. म्हणून हवा ओझ्याप्रमाणे, पुस्तिकेत किंवा दाराच्या चौकटीवरील पट्टीवर दिलेल्या आकड्याइतकी, आणि टायर थंड असताना भरावी. लांबून आल्यावर हवेचा दाब मोजणारे गेज लावले तर आकडा तीन-चार पौंडांनी किंवा त्याहूनही जास्त दिसू शकतो. ती वाढ स्वाभाविक आहे आणि ती पाहून हवा सोडू नये. टायर थंड झाला की दाब आपोआप उतरतो, आणि गरम असताना हवा सोडलेली असेल तर सकाळी तोच टायर कमी हवेचा ठरतो. पेट्रोल पंपावर पोहोचेपर्यंत टायर तापतो, त्यामुळे स्वतःचे गेज गाडीत ठेवणे मला आवश्यक वाटते.

टायरच्या बाजूवर कोरलेल्या अक्षरांच्या शेवटी चार अंक असतात. त्यांतील पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष दाखवतात. २३२१ म्हणजे २०२१ सालाचा तेविसावा आठवडा. जुना टायर विकत घेताना, किंवा नवीन म्हणून दाखवलेला टायर घेताना, हे अंक पाहावेत. नक्षीच्या खाचांत ठरावीक अंतरावर छोटे उंचवटे असतात. मोटारीच्या टायरचा पृष्ठभाग झिजून त्यांच्या पातळीला आला, म्हणजे खोली १.६ मिलिमीटरवर आली, की टायर बदलण्याची वेळ झाली. झीज दोन्ही कडांना जास्त असेल तर हवा कमी राहत आली आहे, मध्यभागी जास्त असेल तर हवा जास्त राहत आली आहे, आणि एकाच कडेला असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाके सरळ रेषेत आहेत का, हे तपासून घ्यावे.

स्कूटर, साखर पेठ, रुग्णालयात परिचारिका

माझा प्रवास छोटा आहे, पण दिवसातून अनेकदा होतो. अशा वापरात इंजिन पूर्ण तापत नाही आणि ऑइलमध्ये आलेला ओलावा उडून जात नाही, म्हणून किलोमीटर कमी झाले असले तरी महिने मोजून मी ऑइल बदलून घेते.

रोज निघताना दोन्ही ब्रेकचे लिव्हर दाबून पाहते. ड्रम ब्रेक असलेल्या माझ्या स्कूटरचा मागचा लिव्हर हँडलच्या फार जवळ येऊ लागला की केबल ताणण्याची वेळ झालेली असते. मागच्या ड्रमजवळच्या नटाने ते काम मिनिटभरात होते, परंतु चाक हाताने फिरवून ते मोकळे आहे ना, हे पाहिल्याशिवाय मी गाडी काढत नाही. ब्रेकचा दिवा पाहण्यासाठी मागे भिंत असलेल्या जागी उभे राहून लिव्हर दाबावा, भिंतीवर लाल उजेड दिसतो. रात्रपाळीला निघताना एवढे पाहिले की मन निश्चिंत राहते.

ट्रॅक्टर, मंगळवेढा तालुका

ज्वारीच्या रानात मळणीच्या वेळी उडणारा भुसा आणि माती यांचा त्रास मोटारवाल्यांना कल्पनेत येणार नाही इतका असतो. आमच्या ट्रॅक्टरला ऑइल बाथ एअर क्लीनर आहे. हवा आधी ऑइलवरून जाते, माती त्यात अडकते आणि मग हवा जाळीतून इंजिनाकडे जाते. मळणीच्या दिवसांत मी खालची वाटी रोज उघडतो. तळाशी गाळाचा थर बसला असेल किंवा ऑइल दाट झाले असेल, तर वाटी डिझेलने धुऊन, पुसून, पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचे नवीन ऑइल खुणेपर्यंतच भरतो. खुणेच्या वर भरल्यास ऑइल हवेबरोबर इंजिनात ओढले जाते. वाटी परत बसवताना रबरी रिंग आणि होजवरची क्लिप हाताने चाचपून पाहणे सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण तेथे फट राहिली तर न गाळलेली हवा सरळ आत जाते आणि पिस्टन-लायनर थोड्याच काळात झिजतात.

रेडिएटरच्या पुढच्या जाळीत भुसा अडकतो. तो इंजिन बंद करून, थंड झाल्यावर, ब्रशने किंवा हलक्या हवेने आतल्या बाजूकडून बाहेर काढावा. जोरात पाणी मारल्यास नाजूक पत्रे वाकतात.

उसाच्या हंगामाबद्दल मला कळकळीने सांगायचे आहे. कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॉलीला मागचे दिवे नसतात किंवा असलेले दिवे उसाच्या वाढ्याने (शेंड्याच्या पाल्याने) झाकले जातात, आणि अंधारात मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला समोर काही आहे हेच समजत नाही. मी ट्रॉलीच्या मागच्या बाजूला लाल आणि कडेला पिवळी परावर्तक पट्टी लावली आहे, आणि दर खेपेला भरणी झाल्यावर ती ओल्या फडक्याने पुसतो. पट्टीवर चिखल असेल तर ती असून नसल्यासारखीच असते. ट्रॉली ट्रॅक्टरला जोडणारी हिचची पिन, तिची सुरक्षा क्लिप आणि साखळी हेही त्याच वेळी पाहून होते. माझ्या गावातील सर्व ट्रॅक्टरमालकांनी एवढे केले तरी रात्रीचा रस्ता पुष्कळ सुरक्षित होईल.

सीएनजी रिक्षा, अशोक चौक

सिलेंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने होणारी मजबुतीची चाचणी, दर तीन वर्षांनी करावी लागते आणि तिची तारीख गाडीवरील प्लेटवर असते. ती मुदत मी मोबाइलमध्ये नोंदवून ठेवली आहे. वास आला तर सिलेंडरचा व्हॉल्व्ह बंद करून प्रवाशांना उतरवावे आणि अधिकृत फिटरकडेच जावे, स्वतः पाना लावू नये.

धागाकर्ता

बॅटरीबद्दल एका वाचकाने विचारले आहे, म्हणून येथेच लिहितो. बॅटरी थंडीत बंद पडते असा समज आहे, परंतु तिचे आयुष्य खऱ्या अर्थाने कमी होते ते उष्णतेने. गाडी शक्यतो सावलीत लावावी. टर्मिनलवर पांढरा किंवा हिरवट थर आला असेल, तर इंजिन बंद करून आधी निगेटिव्ह तार काढावी, मग पॉझिटिव्ह, आणि खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने ब्रश करून कोरडे करावे. जोडताना क्रम उलटा असतो. नंतर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा. झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर उन्हाळ्यात पातळी जास्त वेळा पाहावी आणि केवळ डिस्टिल्ड वॉटर घालावे. बंद गाडीत साधारण १२.६ व्होल्ट आणि इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळाले, तर बॅटरी आणि ती चार्ज करणारा अल्टरनेटर ठीक आहेत, असे सामान्यतः समजता येते. काही नवीन गाड्यांत संगणक चार्जिंग कमी-जास्त करतो, तेथे पुस्तिका पाहावी.

डिझेल मोटार, बाळे, नोकरी पुण्यात

आई-वडील सोलापुरात असल्यामुळे पुणे-सोलापूर महामार्गावर माझे नेहमी येणे-जाणे असते. सुमारे अडीचशे किलोमीटरचा, बराचसा सपाट आणि सरळ रस्ता असल्यामुळे तेथे ब्रेकचा वापर कमी होतो, आणि म्हणूनच ब्रेकच्या स्थितीचा अंदाज चालवताना येत नाही. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. ओलावा वाढला की त्याचा उत्कलनबिंदू उतरतो आणि जोराचे ब्रेक वारंवार लावावे लागल्यास पेडल मऊ पडू शकते. मी ते दोन वर्षांनी, झाकणावर लिहिलेल्या प्रकाराचेच, बदलून घेतो. टाकीतील पातळी हळूहळू उतरत असेल तर त्याचे कारण पॅड झिजणे हेही असते, त्यामुळे वरून ऑइल भरण्याआधी पॅडची जाडी पाहून घ्यावी.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी काचेचे पाणी भरतो, वायपरचे रबर बोटाने पाहतो, हेडलाइटच्या काचा पुसतो आणि स्टेपनीत हवा भरतो. आपल्या उन्हात वायपरचे रबर न वापरताही कडक होते आणि जूनच्या पहिल्या पावसात काच पुसण्याऐवजी धूसर करते, म्हणून मे महिन्याच्या शेवटी ते बदलून टाकतो. स्टेपनीबरोबर जॅक, पाना आणि चाकाला कुलूप-नट असेल तर त्याची चावी जागेवर आहे का, हेही पाहावे.

एक गोष्ट वर कोणी लिहिलेली नाही, म्हणून नोंदवतो. पंक्चर काढल्यावर किंवा टायर बदलल्यावर चाकाचे नट आमोरासमोरच्या क्रमाने आवळले गेले आहेत, याकडे स्वतः उभे राहून लक्ष द्यावे, आणि पन्नास ते शंभर किलोमीटर गेल्यानंतर ते पुन्हा एकदा पान्याने तपासावेत. मोहोळजवळ चाक बदलून घेतले, तर टेंभुर्णीच्या पुढे चहासाठी थांबताना हे काम सहज होते.