घरातल्या पाककृती एकत्र ठेवण्यासाठी कोणते अ‍ॅप घ्यावे?

प्रश्न : शाहूपुरीची सून

आमच्या घरी सासूबाई, जाऊबाई आणि मी अशा तिघी स्वयंपाक करतो आणि नणंद बंगळूरला असते. सासूबाईंच्या वहीची पाने सुटू लागली आहेत, तर संकेतस्थळांवरून घेतलेल्या कृती व्हॉट्सअ‍ॅपवर इतस्ततः पडल्या आहेत. सगळे एकाच ठिकाणी मराठीत लिहिता यावे, चौघींना एकच प्रत दिसावी आणि दरमहा वर्गणी भरावी लागू नये, अशी अपेक्षा आहे. पॅप्रिका आणि मिली ही नावे वाचनात आली. आपला अनुभव काय आहे?

प्रतिसाद १ : खाऊगल्ली

पॅप्रिका एकदाच विकत घ्यावे लागते, वर्गणी नाही. मात्र अँड्रॉइड, आयफोन आणि संगणक यांसाठी ते वेगवेगळे घ्यावे लागते. चौघींनी एकच खाते वापरले की सर्वांना त्याच कृती दिसतात आणि नेट नसतानाही त्या उघडतात. माझ्या दृष्टीने त्यातली सर्वांत उपयोगी सोय म्हणजे एका कृतीत दुसरीचा दुवा देता येतो. तांबडा आणि पांढरा हे दोन्ही रस्से एकाच अळणीवर (मटण शिजवून निघालेल्या सुपावर) होतात, त्यामुळे अळणीची कृती एकदाच लिहून दोन्हीकडे जोडता येते. संकेतस्थळावरून कृती आपोआप ओढून घेण्याच्या सोयीला मात्र भुलू नये. पानाच्या मागे यंत्राला कळेल अशी ठरावीक मांडणी असेल तरच ती नीट चालते. वहीतला मजकूर हातानेच उतरवावा लागणार. सासूबाईंनी सांगावे आणि फोनच्या मराठी कीबोर्डवरचे माईकचे बटण दाबून आपण लिहून घ्यावे, हे टंकण्यापेक्षा बरे.

प्रतिसाद २ : चटणीवाली

अ‍ॅप कोणतेही घ्या, आधी मापांची परीक्षा घ्या. "२ वाट्या" असे देवनागरी अंकात लिहून चार माणसांची कृती अ‍ॅपमध्येच आठ जणांसाठी वाढवून पाहा. आकडा बदलला नाही, तर अ‍ॅपला तो आकडा म्हणून कळलेलाच नाही. "दीड", "पाऊण", "अडीच" हे शब्द तर बहुधा जसेच्या तसे राहतील, म्हणून तिथे १.५, ०.७५ असे लिहावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सासूबाईंच्या मुठीचे आणि वाटीचे एकदा काट्यावर वजन करून घ्यावे. वर्षाची कांदा-लसूण चटणी करताना मिरची किलोवर मोजली जाते, पण खोबरे, लसूण आणि दगडफूल "अंदाजाने" पडते, आणि हा अंदाज कोणतेच अ‍ॅप साठवून ठेवणार नाही. रश्श्याचे प्रमाण दुप्पट केले तरी तिखट आणि मीठ सरळ दुप्पट घालू नये, अशी टीप कृतीतच लिहावी.

प्रतिसाद ३ : रंकाळ्याचा वारा

मिली मुक्तस्रोत (ओपन सोर्स) आणि विनामूल्य आहे, परंतु ते आपल्याच संगणकावर चालवावे लागते. तो संगणक सतत सुरू ठेवणे, अ‍ॅप अद्ययावत करणे आणि बंगळूरहून ते उघडेल अशी व्यवस्था करणे हे काम घरातल्या एकाच्या गळ्यात पडते आणि तोच परगावी गेला की सगळे अडते. शिवाय २०१९ आणि २०२१ चा महापूर पाहिलेल्या कोल्हापुरात खालच्या मजल्यावरच्या एका संगणकात एकमेव प्रत ठेवणे मला पटत नाही. घरात कुणाला हौस नसेल तर या वाटेला जाऊ नये. विकतचे घ्या अथवा फुकटचे, सर्व कृती फाइलमध्ये बाहेर काढता येतात का, हे पहिल्याच आठवड्यात तपासा. कंपन्या बंद पडतात, वर्गण्या सुरू होतात. फाइल हाती असली की दुसरीकडे बिऱ्हाड हलवता येते.

शाहूपुरीची सून

सर्वांचे आभार. संगणक सांभाळणारे आमच्याकडे कोणी नाही, त्यामुळे मिली बाद. नणंदेकडे आयफोन आहे आणि आम्हा तिघींकडे अँड्रॉइड. म्हणजे पॅप्रिका दोनदा घ्यावे लागेल का?

प्रतिसाद १ : खाऊगल्ली

होय, निदान दोनदा तरी. आधी अँड्रॉइडवर घेऊन अळणी आणि दोन्ही रस्से उतरवून पाहा. सासूबाईंना ते वाचायला सोयीचे वाटले तरच नणंदेसाठी खर्च करा.