आफ्रिकेच्या पर्यावरणासाठी एकच उदाहरण कोणतं घ्यावं?

प्रश्न: वर्गात हा विषय शिकवायला दोन तासिका आहेत. मुलं 'दुष्काळ, गरिबी' लिहून मोकळी होतात.

उत्तर १: चाड सरोवर. चाड, नायजर, नायजेरिया, कॅमेरून असे चार देश काठावर. १९६०च्या दशकात सुमारे २५,००० चौ. किमी, १९८०च्या दशकापर्यंत जवळपास ९० टक्के आक्रसलं. सरोवर अतिशय उथळ, त्यामुळे पाऊस घटला की विस्तार झपाट्याने कमी होतो. आधी मुलांकडून नकाशावर शारी नदी काढून घ्या. बहुतांश पाणी तीच आणते, तेही दक्षिणेच्या दमट भागातून.

उत्तर २: फक्त जुनी-नवी उपग्रहचित्रं शेजारी ठेवू नका. 'अजून आटतंच आहे' असा समज होतो. १९९०नंतर पाणी काहीसं वाढलंय.

उत्तर ३: दुसऱ्या तासिकेला मच्छीमार, गुराखी, शेतकरी असे गट करा. उघड्या पडलेल्या जमिनीवर हक्क कुणाचा, एवढंच विचारा.