मदत हवी आहे: सूर्यावरच्या बारीक चुंबकीय नळ्या थंड असून उजळ कशा?

नमस्कार मंडळी,

आमच्या खगोल मंडळात सूर्याच्या पृष्ठभागावर बोलायचं आहे आणि तयारीत एका जागी अडकले आहे. सौरभौतिकीतल्या जाणकारांनी कृपया मदत करावी.

तापलेला वायू वर येऊन साधारण हजार किलोमीटर रुंदीचे तेजस्वी दाणे बनतात, पाच-दहा मिनिटं टिकतात, आणि निवलेला वायू मधल्या काळपट फटींतून खाली उतरतो. ओढ्यातला पालापाचोळा भोवऱ्यात जमावा तसं चुंबकीय क्षेत्र या फटींत गोळा होतं आणि त्याच्या बारीक उभ्या नळ्या बनतात. इथवर कळलं.

आता हिशोब. तिथली घनता आणि सेकंदाला दोनेक किलोमीटर वेग धरला, तर नुसत्या प्रवाहाच्या रेट्याने क्षेत्र जेमतेम 400 गॉसपर्यंत (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) दाटावं. मोजमापं मात्र 1,000 ते 1,500 गॉस सांगतात! यावर सौरभौतिकीतज्ज्ञ यूजीन पार्करने 1978 मध्ये मांडलेली कल्पना मला फार आवडली. क्षेत्रामुळे नळीत अभिसरण (उष्णता वाहून नेणारी वायूची वर-खाली हालचाल) अडतं, आतला वायू निवतो, खाली घसरतो, नळी विरळ होते आणि बाहेरचा दाब तिला आवळतो. हा दाब साधारण 1,600 गॉसच्या क्षेत्राचाच तोल राखू शकतो, म्हणजे वरची मर्यादाही जुळते.

घोळ यापुढे आहे. आतला वायू थंड, तर नळी सौरडागासारखी काळी दिसायला हवी. पण शंभर-दोनशे किलोमीटर रुंदीच्या या नळ्या 430 नॅनोमीटरजवळच्या प्रकाशात लख्ख ठिपके म्हणून दिसतात. विरळ नळीत नजर खोलवर पोचते आणि तिथे बाजूच्या भिंतींची उष्णता मिळते, असं वाचलं. म्हणजे समान उंचीवर तुलना केली तर नळी बाहेरच्यापेक्षा थंड, पण जिथवर आपल्याला दिसतं त्या खोलीवर ती अधिक तापलेली, असंच ना? सूर्यबिंबाच्या कडेजवळच्या फॅक्युला (उजळ चट्टे) म्हणजेही तिरप्या नजरेत दिसणाऱ्या याच भिंती का?

आणि सगळ्यात छळणारा प्रश्न: नळी रुंद होत गेली की भिंतींची उष्णता मध्यापर्यंत पोचत नाही, मग ती काळी पडते. हा बदल ठरावीक रुंदीला अचानक होतो की हळूहळू? मधल्या आकाराच्या नळ्या कशा दिसतात?

पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेने आदित्य-एल1 या भारतीय सौरयानासाठी बनवलेल्या सूट दुर्बिणीची चित्रं दाखवायची फार इच्छा आहे, पण तिचा एक पिक्सेलच सुमारे 500 किलोमीटरचा. त्यामुळे हवाईतल्या चार मीटरच्या इनोये दुर्बिणीची चित्रं घेते आहे. त्यांत असे मधल्या आकाराचे नमुने कुठे शोधू?