भाचा प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हणतो, पोलिसांनी सही घेतली. उद्या परत बोलावलंय

धाकटा_मामा
भाचा १६ वर्षांचा आहे, पण समज सात-आठ वर्षांच्या मुलाएवढी. अंगानं दांडगा, मिसरूड फुटलेलं, त्यामुळे बघणाऱ्याला विशीतला वाटतो. मंगळवारी संध्याकाळी मोबाइल चोरीच्या संशयावरून त्याला उचललं. ताईला रात्री दहाला कळलं, तेही शेजाऱ्यांकडून. आम्ही पोचलो तेव्हा तो लॉकअपमध्ये दोन मोठ्या माणसांच्या मध्ये बसला होता, पँट ओली झालेली. मध्यरात्री सोडलं. “कबूल केलंय, सही आहे,” म्हणाले. त्याला सही येत नाही हो, नाव गिरवतो फक्त. उद्या परत बोलावलंय. न्यावं का?

काळा_कोट
न्या, पण एकट्याला आत सोडू नका. बाल न्याय कायदा २०१५, कलम १०: मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येतच नाही. ताब्यात घेतलं तर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे, म्हणजे मुलांवरच्या गुन्ह्यांची प्रकरणं ऐकणाऱ्या मंडळापुढे, उभं करायचं. शाळेचा जन्मतारखेचा दाखला बरोबर घ्या, नसेल तर नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा. दोन्ही नसले तरच वयासाठी हाडांची तपासणी. मोफत वकिलासाठी आजच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, किंवा १५१०० ला फोन करा.

निवृत्त_सहायक_फौजदार
मामा, मी खात्यात ३२ वर्षं होते, शेवटची सहा ठाण्याची बालकल्याण पोलीस अधिकारी म्हणून, म्हणजे मुलांची प्रकरणं माझ्याकडे असायची. कपाटात एक साधा पंजाबी ड्रेस कायम ठेवायचे. मुलाशी बोलताना गणवेश चालत नाही, नियमच आहे तसा.

एकदा असाच एक मुलगा आणला होता. साहेबांनी विचारलं, “तूच घेतलास ना?” “हो.” “मित्रानं दिला ना?” “हो.” दोन्ही खरं कसं असेल? मी त्याला बाजूला घेतलं. “आज विमानानं आलास ना रे?” “हो.” आणि माझ्याकडे बघून हसला. बरोबर उत्तर दिलं असं वाटलं त्याला. तो चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. त्या दिवसापासून मी ‘हो-नाही’चे प्रश्न सोडले. “मग काय झालं?” एवढंच विचारायचं आणि गप्प बसायचं, किती का वेळ लागेना.

तुमच्या भाच्याची कबुली याच जातीची आहे. मुलाच्या जबाबावर सही घ्यायचीच नसते, बेडी घालायची नसते, आईवडिलांना जवळ बसू द्यायचं असतं. साध्या चोरीत, बरोबर कुणी मोठ्या वयाचा आरोपी नसेल तर, मुलावर एफआयआरसुद्धा होत नाही, स्टेशन डायरीला नोंद होते.

उद्या गेल्या गेल्या ठाणे अंमलदाराला विचारा, इथले बालकल्याण पोलीस अधिकारी कोण? प्रत्येक ठाण्यात नेमलेले असतात. बोलणं त्यांच्यापुढेच होऊ द्या. लेखी अर्ज न्या. त्यात ‘आरोपी’ लिहू नका, ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ लिहा, गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलाला कायद्यात तोच शब्द आहे. किती वाजता नेलं, किती वाजता सोडलं, लॉकअपमध्ये कुणाबरोबर होता, सगळं लिहा आणि त्या रात्रीचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवा अशी मागणी करा. लॉकअपवर कॅमेरा हवाच, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा आदेश आहे. अपंगत्वाचं प्रमाणपत्र जोडा. पोच घेतल्याशिवाय हलू नका. अंगावर वळ असतील तर आधी सरकारी दवाखाना.

आणि ताईंना दोन घास खायला लावा. उद्या पोराला त्यांचाच हात धरायचाय.

धाकटा_मामा
जाऊन आलो. बालकल्याण अधिकारी मॅडम साध्या साडीत होत्या, ताईला शेजारी बसू दिलं. त्यांनी विचारलं, “मग काय झालं?” बराच वेळ तो शर्टाचं बटण फिरवत बसला. मग म्हणाला, “दादानं धरायला दिला. दादा पळाला.” कोण दादा, ते अजून सांगता येत नाहीये त्याला. अर्ज घेतलाय, पोच मात्र दिली नाही. उद्या सकाळी वकिलांना घेऊन परत जातोय.